लेकरांसह गाव निवडताना

मुंबई किंवा पुणे सोडून मुलांना एखाद्या मोकळ्या गावात वाढवावं, हा विचार आज अनेक तरुण घरांत गांभीर्याने चालू आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करता येतं हे कळलं आणि कितीतरी कुटुंबं नाशिक, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सावंतवाडीकडे गेली. पुढे कार्यालयांनी परत बोलावलं तेव्हा काही परतली, काही तिथेच रुळली. परतलेली सगळीच कुटुंबं नोकरीपायी परतली असं मात्र नाही. कुणाला रात्री बालरोगतज्ज्ञ मिळेना, कुणाच्या मुलाला बरोबरीचं खेळायला कुणी नव्हतं, कुठे घरातल्या बाईचं काम सुटलं आणि तिचा जीव घुसमटला.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. गावाच्या नावलौकिकावरून किंवा डिसेंबरातल्या हवेवरून निवड करू नये. लहान मुलाचं जग फार छोटं असतं: घर, शाळा, मैदान, दवाखाना आणि दोन-चार मित्रांची घरं. हा परीघ चांगला हवा आणि वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यातही तो टिकला पाहिजे. या कसोटीवर महाराष्ट्रातली आणि शेजारच्या गोव्यातली गावं पारखून पाहू.

आधी मुलाचं वय

तीन वर्षांच्या आतल्या बाळाला लसी, स्वच्छ पाणी, जवळचा बालरोगतज्ज्ञ आणि आईबापांना हात देणारं एखादं माणूस लागतं. लसीकरणासाठी अडण्याचं कारण नाही. माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवलं की सरकारी कार्यक्रमातली पुढची लस नव्या गावातही मिळते. तीन ते सहा या वयात सवंगडी महत्त्वाचे. बालवाडी झकपक नसली तरी चालते. गल्लीत संध्याकाळी खेळणारी मुलं मात्र हवीत. सहाव्या वर्षापासून शाळेचा प्रश्न पुढे येतो. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. राज्याबाहेर ही तारीख वेगळी असू शकते आणि त्यात मुलाचं वर्ष मागे-पुढे होऊ शकतं.

गाव बदलण्याला सगळ्यांत सोयीचा काळ पहिलीच्या आधीचा, फार तर तिसरी-चौथीपर्यंतचा. त्या वयात मूल नवी बोली लवकर उचलतं आणि मित्रही पटकन जोडतं. आठवीनंतर मात्र, अगदीच नाइलाज नसेल तर, मुलाला हलवू नये.

पाणी

घर बघायला गेल्यावर आपण खिडक्या मोजतो आणि नळ सोडून बघायला विसरतो. मराठवाड्यात ही चूक महाग पडते. छत्रपती संभाजीनगर पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून आहे. धरण भरलेलं असतानाही शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवसांआड पाणी येत आलं आहे, कारण अडचण धरणाची नसून जलवाहिन्यांची आणि वितरणाची आहे. सोलापूरकरांनी उजनी धरण असूनही हेच सोसलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या घरात रोज दुपटी आणि गणवेश धुवायचे असतात, तिथे पाणी किती दिवसांआड येतं यावर आईबापांचा अर्धा दिवस ठरतो.

पाणी येतं तेवढ्यावर थांबू नये. ते कसं येतं हेही विचारावं. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. त्यात लहान मुलंही होती आणि संशयाचं बोट पाण्याकडे गेलं. महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या या वस्त्यांत इमारती उगवण्याची गती पाणी शुद्ध करण्याच्या सोयीपेक्षा कितीतरी जास्त होती. शहराच्या कडेला स्वस्त मिळणाऱ्या मोठ्या फ्लॅटबद्दल हे ध्यानात ठेवावं. पाणी नळाचं, विहिरीचं की टँकरचं, हा पहिला प्रश्न शेजाऱ्यांना विचारावा. बिल्डरचं उत्तर पुरेसं नाही.

पूर, डोंगर, ऊन आणि हवा

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा-कृष्णेच्या पुराने कोल्हापूर-सांगलीतल्या मोठ्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं आणि त्याच पावसात महाडजवळच्या तळीयेवर दरड कोसळली. त्याआधी २०१४ मध्ये माळीण, नंतर २०२३ मध्ये इर्शाळवाडी अशीच दरडीखाली गेली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची घरं पाण्यात गेली.

ही गावं टाळावीत असा याचा अर्थ घेऊ नये. एकाच कोल्हापुरात पुरात बुडणारी वस्ती आहे आणि उंचावरची, कधीही पाणी न पाहिलेली वस्तीही आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहराच्या विकास आराखड्यात त्या पाहता येतात. घर लाल रेषेच्या बाहेर असावं, हा नियम लहान मुलं असलेल्या घराने पाळावाच. कोकणात आणि घाटमाथ्यावर नदीइतकंच मागच्या डोंगराकडे पाहावं: उतार खणून केलेली बांधकामं, ताजे रस्ते, तोडलेली झाडं.

विदर्भ-खानदेशात उन्हाचा विचार करावा. चंद्रपूर, अकोला, जळगाव, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. तीन-चार महिने मुलांचा खेळ पहाटे आणि अंधार पडल्यावरच होतो. घर वरच्या मजल्यावर गच्चीखाली नको आणि वीज भरवशाची हवी. चंद्रपुरात त्यात २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी यांची भर आहे.

लहान शहरातली हवा आपोआप स्वच्छ असते, हा समज सोडून द्यावा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे निकष सातत्याने न पाळल्यामुळे त्यात घेतलेल्या महाराष्ट्रातल्या शहरांत मुंबई-पुण्याबरोबर नाशिक, कोल्हापूर, सांगली, लातूर, जळगाव आणि अकोलाही आहेत. मुलाला दम्याचा त्रास असेल तर साखर कारखान्याची धुराडी, वीटभट्ट्या, दगडखाणी आणि महामार्ग घरापासून किती दूर आहेत हे प्रत्यक्ष फिरून बघावं.

रात्री दोनचा डॉक्टर

दिवसा बालरोगतज्ज्ञ बहुतेक तालुक्याच्या गावी मिळतो. खरी परीक्षा रात्री दोन वाजता असते, जेव्हा तापाने मुलाला झटका येतो किंवा श्वास लागतो. त्या वेळी मुलांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हा प्रश्न घराच्या भाड्याआधी विचारावा. १०८ ला फोन केल्यावर रुग्णवाहिका येते, पण ती कुठून निघते आणि घाटात किती वेळ घेते हे गावकऱ्यांनाच माहीत असतं.

या बाबतीत मिरजेसारखी जागा राज्यात विरळ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभारलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि लाखो वस्तीच्या सांगली-मिरज परिसराला मोठ्या शहराला हेवा वाटावा असे डॉक्टर मिळाले. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि एम्सही आहे. सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. ही मोठी भर आहे, पण विशेषज्ञ डॉक्टरांची उणीव एवढ्यात भरून निघालेली नाही. सावंतवाडी-कुडाळकडचे गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात.

कोकणातल्या वाडीत राहणाऱ्यांनी विंचू आणि सापाचा विचार करावा. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून त्यातले मृत्यू कसे टाळता येतात हे दाखवलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता उपचार माहीत आहे. तो जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळेवर मिळतो का, सर्पदंशावरचं प्रतिविष साठ्यात असतं का, हे आधी जाऊन विचारून यावं.

मुलाला बोलायला उशीर होत असेल, ऐकण्यात किंवा वाढीत अडचण असेल, तर गाव निवडण्याचं पारडं पूर्ण बदलतं. स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट लहान गावांत क्वचितच भेटतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अशा कुटुंबाने जिल्ह्याच्या ठिकाणापलीकडे जाऊ नये.

शाळा

शिक्षण हक्क कायद्याचा एक उपयोग स्थलांतर करणाऱ्यांना फारसा ठाऊक नसतो. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा मुलाला हक्क आहे. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायला हवा आणि तो उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे वर्षाच्या मधे गाव बदललं तरी मूल घरी बसत नाही. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी मात्र घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. ज्यांना त्या जागांसाठी अर्ज करायचा आहे त्यांनी तोंडी बोलीवर घर घेऊ नये.

शाळेच्या नावापेक्षा तिची पटसंख्या आणि अंतर बघावं. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. त्याच कोकणातल्या वाड्यांवर वीसपेक्षा कमी पटाच्या कितीतरी शाळा आहेत. शिक्षक जीव लावणारे असतात, पण पहिली ते चौथी मिळून नऊ मुलं असतील तर आपल्या मुलीला तिच्या वयाची मैत्रीण मिळेलच असं नाही. उलट शहराबाहेरच्या मोठ्या सीबीएसई शाळेत मित्र मिळतात, पण रोज दीड-दोन तास बसमध्ये जातात. मुंबईची लोकल सोडून आलेल्या कुटुंबाने पाच वर्षांच्या मुलाला तेवढाच प्रवास लावावा, यात काय मिळवलं?

चांगली शाळा फक्त महानगरात असते, हे मराठी शिक्षणाने कधीच खोटं ठरवलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर केलं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय उभं केलं. फलटणसारख्या छोट्या गावात मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन घडवलं. नाशिकमध्ये आनंद निकेतन आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळाही एखाद्या शिक्षकाच्या ध्यासाने उभ्या आहेत. अशी एखादी शाळा पायी जाण्याच्या अंतरावर मिळत असेल, तर तिच्यासाठी गाव निवडणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. माध्यम कोणतंही असो, महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे.

पुढचे दोन हिशेब आधीच करून ठेवावेत. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशात किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात आणि त्यासाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते. दुसरा हिशेब राज्याबाहेर जाणाऱ्यांचा: महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर, सीमाभागासारखे काही अपवाद सोडता, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते.

घरातल्या दोघांचं काम

गाव बदलण्याच्या चर्चेत नवऱ्याची नोकरी सगळे मोजतात. बायकोचं काम ‘बघू तिकडे गेल्यावर’ यावर सोडलं जातं. ही अनेक स्थलांतरांतली सर्वांत मोठी उणीव आहे. लहान गावात पाळणाघर सहज मिळत नाही, शाळा दुपारीच सुटते, आणि मग मुलाला आणायला, जेवू घालायला, अभ्यासाला बसवायला आईच घरी राहते. दोघांच्या कामाची सोय लागत नसेल तर ते गाव त्या कुटुंबासाठी योग्य नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. घरून काम करायचं असेल तर इंटरनेट आणि वीज पावसाळ्यात तपासावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वकिली करणाऱ्यांसाठी कोल्हापूरचं चित्र आता बदललं आहे, कारण ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे बसू लागलं.

आजी-आजोबा जिथे आहेत ते गाव या हिशेबात फार वर येतं. मात्र त्यांचं वय आणि त्यांची इच्छा विचारात घ्यावी. नातवंडं सांभाळणं हे त्यांच्यावर गृहीत धरलेलं ओझं होऊ नये.

शेजार

लहान गावात मूल चार घरांत वाढतं. ही त्या गावांची खरी श्रीमंती आहे. पण तिथेच भाड्याचं घर शोधताना जात, धर्म आणि ताटातलं अन्न यांची उघड चौकशी होते, हेही खरं आहे. ज्या वस्तीत आडनाव विचारून मुलाला खेळायला घेतात, ती वस्ती मूल वाढवण्याजोगी नाही, मग पाणी चोवीस तास का असेना. संध्याकाळी सहा वाजता त्या गल्लीत जाऊन उभं राहावं. मुलं बाहेर खेळतात का, मुलीही खेळतात का, रस्ता ओलांडता येतो का, हे अर्ध्या तासात दिसतं. गावातलं सार्वजनिक वाचनालय बघावं. रत्नागिरी, नाशिक, कोल्हापूर, सांगलीत शतकाहून जुनी वाचनालयं आहेत. मैदानही बघावं: कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि सातारकरांना अजिंक्यतारा पायी चढता येतो.

गावांचे गट

नाशिक सोयींच्या बाबतीत पूर्ण शहर आहे: डॉक्टर, शाळा, सार्वजनिक वाहतूक, गंगापूर धरणाचं पाणी. मुंबईला आठवड्यातून एक-दोनदा जावं लागत असेल तर पंचवटी एक्स्प्रेस आणि आता इगतपुरीपासूनचा समृद्धी महामार्ग उपयोगी पडतो. पण शहर झपाट्याने पसरतं आहे आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीचा ताण त्यात आहे. इथे गावापेक्षा वस्ती निवडण्याला महत्त्व.

कोल्हापूर-सांगली-मिरज हा पट्टा आरोग्य, शाळा आणि खर्च यांचा उत्तम मेळ देतो. कोल्हापूरला २०२३ पासून काळम्मावाडी धरणातून थेट पाणी येऊ लागलं. अट एकच: घर पूररेषेच्या बाहेर.

सातारा, वाई, फलटण ही पुण्यापासून दोन-तीन तासांवरची गावं लहान मुलांच्या कुटुंबाला आकाराने सोयीची आहेत. सगळं जवळ, चालत जाण्याजोगं. गंभीर आजारात मात्र पुण्याचा रस्ता धरावा लागतो, हे मान्य करून जावं.

कोकणाबद्दल मी प्रेमाने आणि सावधपणे सांगते. रत्नागिरी किंवा सावंतवाडी शहरात मूल फार सुंदर वाढू शकतं. आडवाटेच्या वाडीतलं वडिलोपार्जित घर सुट्टीसाठी ठेवावं. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत तिथे कायमचं राहू नये. दवाखाना आणि सवंगडी ही त्याची दोन कारणं वर आलीच आहेत.

नागपूर वैद्यकीय सोयी, रुंद रस्ते आणि झाडी यांत राज्यात पुढे आहे. ऊन सोसायची तयारी हवी. संभाजीनगर आणि लातूरमध्ये शिक्षणाची सोय चांगली आहे, तिथे पाण्याची खात्री झाल्याशिवाय घर घेऊ नये. गोव्यात आरोग्यसेवा चांगली, सरकारी मराठी प्राथमिक शाळाही आहेत. मात्र घरभाडं पर्यटनामुळे चढं असतं आणि वर सांगितलेला दहावी-बारावीचा हिशेब तिथे लागू होतो.

निवड कशी करावी

सगळं एकत्र मांडलं तर क्रम असा लागतो. पहिलं पाणी. दुसरं, रात्री अर्ध्या तासात पोहोचता येईल असं मुलांचं रुग्णालय. तिसरं, पायी किंवा पंधरा मिनिटांत गाठता येणारी शाळा. चौथं, दोघांचंही काम. पाचवं शेजार. घराचं क्षेत्रफळ, डोंगराचं दृश्य, महामार्गाची जवळीक हे सगळं त्यानंतर. पहिल्या तीनपैकी एक जरी जमत नसेल तर ते गाव सोडून द्यावं. या कसोटीवर बहुतेक कुटुंबांसाठी वैद्यकीय महाविद्यालय असलेलं, पाच-सात लाख वस्तीच्या आतलं जिल्ह्याचं गाव सर्वांत योग्य ठरतं.

आणि घर विकत घेण्याची घाई करू नये. अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवून राहावं. तेवढ्यात एक उन्हाळा, एक पावसाळा, शाळेचं एक वर्ष आणि मुलाची दोन-चार आजारपणं पाहून होतात. त्याआधी, जमल्यास मे महिन्यात आणि जुलैत, मुलांना घेऊन आठवडाभर त्या गावात राहून यावं. तिथल्या आयांशी बोलावं, कारण नळ, डॉक्टर, शाळा आणि गल्ली यांची सर्वांत खरी माहिती त्यांच्याकडेच असते.